सेल्फला शिसं, दिव्यांना लिथियम

बोटीचं डिझेल इंजिन सेल्फ मारताना शेकडो अँपिअर ओढतं, पण काही सेकंदच. दिवे, फिशफाइंडर, वायरलेस यांना मात्र रात्रभर थोडी थोडी वीज लागते. या कामात लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निर्विवाद सरस. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर बाद होते. लिथियमची मात्र ८० टक्के वीज बिनधास्त वापरावी.

धोका चार्जिंगमध्ये आहे. रिकामी लिथियम इतका करंट खेचते की अल्टरनेटर तापून निघतो. त्यात आतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, बॅटरी अचानक तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सेल्फला शिशाचीच बॅटरी ठेवा, अल्टरनेटर तिलाच जोडा आणि लिथियम डीसी-डीसी चार्जरमधून भरा.