एका तारखेचा तिढा

वर्धा जिल्ह्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. परीक्षांचे वेळापत्रक नागपुरात ठरते. येथील प्राध्यापकांची संघटना ‘नुटा’ ही ‘एमफुक्टो’ या राज्यव्यापी महासंघाची घटक. त्यामुळे ४ फेब्रुवारी २०१३ रोजी महासंघाने परीक्षाकामावर बहिष्कार पुकारला, तेव्हा हिंगणघाट-आर्वीच्या पालकांनाही निकालाची चिंता लागली.

हा लढा पगारवाढीचाच, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ती अर्धीच खरी. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची मागणी होतीच. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातील वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्र उचलणार होते. परंतु राज्याने आधी पैसे द्यावेत, मग प्रतिपूर्ती होईल, अशी केंद्राची अट होती. राज्य केंद्राकडे बोट दाखवी.

खरी गुंतागुंत दुसऱ्या मागणीत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ रोजी अधिव्याख्यातापदासाठी पात्रता परीक्षा बंधनकारक केली. महाराष्ट्राची स्वतःची ‘सेट’ मात्र १९९५ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात वर्ग रिकामे ठेवता येत नव्हते. पात्र उमेदवार मिळेनात, तेव्हा रीतसर निवड समित्यांमार्फत नेट-सेट नसलेले अध्यापक नेमले गेले. परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट त्यांच्यावर होती, हेही नाकारता येणार नाही. आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही नोकरीविना राहिलेल्यांचा रोष अनाठायी नव्हता. तरी वीस-वीस वर्षे ज्याच्याकडून शिकवून घेतले, त्याची सेवा ‘तात्पुरती’ कशी म्हणावी?

बहिष्कार चिघळला. तत्कालीन उच्च शिक्षणमंत्री राजेश टोपे यांच्याशी चर्चेच्या फेऱ्या झाल्या, कारवाईचे इशारे दिले गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. १० मे रोजी बहिष्कार मागे घेण्यात आला. शासनाने ७१ दिवसांचे वेतन मात्र रोखले.

२७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या अशा अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या, पण कधीपासून? तर त्या निर्णयाच्या दिनांकापासून! १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना तेव्हा जुने निवृत्तिवेतन नव्हते. म्हणजे १९९३ मध्ये रुजू झालेला प्राध्यापक कागदोपत्री २०१३ चा ठरला, आणि त्याचे म्हातारपण नव्या अंशदायी योजनेवर सोपवले गेले. पदोन्नतीचे लाभही त्याच दिनांकाला अडकले.

मग न्यायालयाच्या पायऱ्या चढणे आले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये अशा अध्यापकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू करण्याचा निर्णय दिला. तोवर त्यांतील अनेकजण निवृत्तीच्या उंबरठ्यावर आले होते.