कृत्तिका टिपताना

काय आहे? वृषभ राशीतला खुला तारकागुच्छ, मेसिए यादीत क्र. ४५. अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे, वय साधारण १० कोटी वर्षे, तारे हजाराहून अधिक. नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून ३६ नोंदवले.

खुला की गोलीय? खुल्या गुच्छातले तारे तरुण, विरळ आणि आकाशगंगेच्या तबकडीतले. गोलीय गुच्छात लाखो तारे दाटीने असतात आणि त्यांचे वय बहुधा १,००० कोटी वर्षांहून अधिक.

निळी आभा : गुच्छाच्या वाटेत आलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचा प्रकाश. त्यामुळे हायड्रोजन-अल्फा फिल्टर इथे निरुपयोगी. खरी गरज काळोख्या आकाशाची. शहरात तारे मिळतात, आभा बुडते.

साधने
- गुच्छाची रुंदी जवळपास दोन अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चार चंद्रांएवढी. २०० ते ५०० मिमी नाभीय अंतर पुरेसे. ८ इंची श्मिट-कॅसग्रेनच्या सुमारे २,००० मिमीत तो मावत नाही.
- स्थिर तिपाईवर ३०० मिमीने दोन सेकंदांतच तारे रेघाळतात. म्हणून ध्रुवाशी जुळवलेले, मोटारीवर फिरणारे इक्वेटोरियल माउंट हवे.
- फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क.
- एक-दोन मिनिटांच्या अनेक फ्रेम एकत्र रचायच्या. डार्क फ्रेम झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या आणि त्याच तापमानाला.

केव्हा? नोव्हेंबरच्या मध्यास मध्यरात्री, महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर. कार्तिकी पौर्णिमेला मात्र चंद्र कृत्तिकांपाशीच असतो. त्यानंतरची अमावास्या धरावी.