घडीचा कॅमेरा भंगारात घालण्याआधी

आज आपण घडीच्या कॅमेऱ्याबद्दल बोलू. बंद केला की हातात मावतो, कळ दाबली की पुढचं झाकण उघडून भिंग बाहेर येतं. भिंगामागे काळ्या चुण्या असतात. तो भाता, बाजाच्या पेटीला असतो तसा. झाइस, आग्फा, कोडॅक यांचे असे कॅमेरे अजून कुठेकुठे माळ्यावर सापडतात. माळा आवरतो आपणच, म्हणून हे माहीत हवं.

पहिलं म्हणजे, मागचं झाकण घाईने उघडू नका. पाठीवर बारीक लाल खिडकी असते. तिच्यात आकडा दिसला तर आत रोल आहे. उजेड लागला की चित्रं गेली! त्यात आजेसासूबाईंचा एकुलता एक फोटो असू शकतो. गुंडाळायची चावी कागद संपेपर्यंत फिरवा, रोल अंधारात काढा, टोक चिकटवा आणि फिल्म धुणाऱ्याकडे द्या. कृष्णधवल फिल्म असेल तर कित्येक वर्षांनीही चित्र उमटू शकतं.

आता भाता. अंधाऱ्या खोलीत, रिकाम्या कॅमेऱ्यात छोटी बॅटरी लावून धरा. चुण्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या चमकल्या तर तिथे भोकं आहेत. त्यांवर काळ्या फॅब्रिक कलरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घाला. जाड थर दिला तर भाता मिटत नाही. भाता फाटलाच असेल तर तो अलगद सोडवून कागदावर त्याचा नमुना काढायचा, ब्लाउजचा काढतो तसाच. उजेड न झिरपणारं पातळ काळं कापड, कागदी पट्ट्या आणि गोंद यांतून नवा भाता होतो. बचत गटात पिशव्या शिवणाऱ्या आपल्या हातांना हे काम अवघड नाही.

शिलाई मशीनला घालतो तसं तेल मात्र शटरला घालू नका. तेलाने शटरची पाती चिकटतात. ते काम जाणकाराकडे द्यावं. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या पेटीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

फिल्म मिळते का? १२० नंबरची फिल्म १९०१ साली आली, ती आजही मिळते. चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात तिच्यावर बारा फोटो निघतात. कोडॅकच्या काही कॅमेऱ्यांना ६२० नंबरची लागे, ती १९९५ साली बंद झाली. पण फिल्म तीच, फक्त रीळ बारीक. पूर्ण अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळली की जुना कॅमेरा चालतो. म्हणून आतलं रिकामं रीळ कधीही टाकू नका.

आणखी एक. पूर्वीच्या बऱ्याच फिल्मना लाल उजेड बाधत नसे, आजच्या फिल्मना बाधतो. तेव्हा लाल खिडकीवर काळी पट्टी लावा आणि फिल्म पुढे सरकवतानाच ती उचला.

भंगारवाला कॅमेरा वजनावर घेतो. तराजूत टाकण्याआधी एकदा लाल खिडकीत डोकावून बघा, एवढंच सांगणं.