वक्फाचे सात मनोरे

मक्केला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरचे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: चुकामूक झालीच, तर घड्याळाखाली येऊन थांबा. हरमला, म्हणजे काब्याभोवतीच्या मोठ्या मशिदीला, दरवाजे शंभराहून जास्त. नमाज सुटली की लाखोंचा लोंढा एकदम बाहेर पडतो आणि एहरामाच्या पांढऱ्या वस्त्रांत सगळेच सारखे दिसतात. घड्याळ मात्र कुठूनही दिसतं. किंग अब्दुलअझीझ दरवाजातून बाहेर आलं की ते समोरच. 'अब्राज अल-बैत' हे त्या संकुलाचं अधिकृत नाव यात्रेकरूंच्या तोंडी फारसं येत नाही. सगळ्यांसाठी तो क्लॉक टॉवर.

सात मनोऱ्यांच्या या संकुलातला मधला मनोरा ६०१ मीटर उंच आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. तसे सात एकावर एक रचले तरी हा वर उरतोच. पायथ्याशी असलेला काबा जेमतेम १३ मीटरचा. घड्याळाला चार बाजूंनी चार तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४३ मीटर. काटे कार्बन फायबरचे, मिनिटकाटा २३ मीटर लांब. घड्याळाचं यंत्र जर्मनीतल्या पेरोट कंपनीचं. वरच्या भागाची आखणी महमूद बोडो राश यांच्या कचेरीची. हे इस्लाम स्वीकारलेले जर्मन वास्तुविशारद. मदिनेच्या मशिदीच्या अंगणात उघडमीट होणाऱ्या छत्र्याही त्यांच्याच. त्या छत्र्यांतली नजाकत इथे कुठे हरवली, हे मला कळलेलं नाही. दुरून हा सगळा प्रकार बिग बेनला फुगवल्यासारखा वाटतो.

घड्याळ सुरू झालं २०१०च्या रमजानमध्ये, इमारत पुरी झाली २०१२ साली. ग्रिनिचऐवजी मक्केची वेळ जगाने प्रमाण मानावी, अशी मागणी त्याआधी २००८मध्ये दोह्याच्या एका परिषदेत झाली होती. प्रत्यक्षात हे घड्याळ ग्रिनिचच्या पुढे बरोबर तीन तास चालतं. मक्का ज्या हिजाझ प्रांतात आहे, तिथे पूर्वी सूर्यास्ताला बारा वाजले असं धरत, म्हणजे रोज संध्याकाळी काटे जुळवून घेणं आलं.

संकुल जिथे उभं आहे, तिथे टेकडीवर अठराव्या शतकातला अजयाद किल्ला होता, उस्मानी तुर्कांनी बांधलेला. २००२च्या जानेवारीत तो टेकडीसकट सपाट झाला. तुर्कस्तानात संताप उसळला, तालिबानने फोडलेल्या बामियानच्या बुद्धमूर्तींची आठवण काढली गेली. पुढे काही झालं नाही.

पायथ्याचा मॉल पाहावा तो अजानच्या वेळी. अत्तराच्या दुकानात भाव चाललेला असतो, दुकानदार बहुधा बांगलादेशी नाहीतर आपल्याकडचा, बोलणं उर्दूत. अजान झाली की बाटली तिथेच राहते, शटर अर्ध्यावर येतं. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी कुणी जानमाज अंथरतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता फरशीवर ओळी लागतात. सलाम फिरून नमाज संपली की शटर वर, आणि भाव जिथे थांबला होता तिथून पुढे.

या मॉलवर आणि पंचतारांकित हॉटेलांवर टीका पुष्कळ झाली आहे. पण तिच्यात एक गोष्ट बहुतेकदा सुटते: ही सारी मिळकत वक्फ आहे, किंग अब्दुलअझीझ यांच्या नावाने हरमसाठी ठेवलेली. वक्फाच्या जमिनीवर धर्मशाळा बांधणं ही मक्केची जुनीच रीत. इथे नवं आहे ते पैसा उभारण्याचं तंत्र. जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. झमझम मनोऱ्यातल्या खोल्यांचे वापरहक्क तर सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, काढून विकले: ठरावीक वर्षं, दरवर्षी ठरावीक आठवडा. वक्फाची मालकी विकता येत नाही, तो दंडक शब्दशः पाळला गेला. रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि काब्यावर उघडणारी खिडकी यांचा भाव मात्र बाजाराने ठरवला. हिशेब म्हणून यात खोट काढता येणार नाही. पण वक्फाची परीक्षा जमाखर्चाने होऊ नये. तिथे रात्री कोण झोपतं, हे आधी विचारावं.

आपल्या हज कमिटीमार्फत जाणारे बहुतेक जण झोपतात अझिझियात, हरमपासून काही किलोमीटरवर. तिथून बसने यायचं, आणि हजच्या ऐन गर्दीत बसही बंद होतात.

मराठवाड्यातल्या काही जणांना वेगळं नशीब लाभतं. हैदराबादच्या निजामाने आपल्या संस्थानातल्या रयतेसाठी मक्केत रुबाती, म्हणजे यात्रेकरूंच्या मोफत धर्मशाळा, उभ्या केल्या. बऱ्याचशा हरमच्या विस्तारात गेल्या. जे उरलं, तिथे आजही जुन्या संस्थानाच्या मुलखातल्या यात्रेकरूंना मोफत जागा मिळते, आणि त्यात मराठवाडाही येतो. मागणारे जास्त, जागा थोडी, म्हणून नावं कुर्ऱ्याने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढतात. नांदेड-बीडकडच्या एखाद्या शेतकऱ्याचं नाव निघालं, तर मक्केतल्या मुक्कामाचा त्याला एक रियालही पडत नाही.