टीव्हीचा रिमोट ते तापलेली वायर: इन्फ्रारेड नेमकं काय दाखवतं?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये इलेक्ट्रिशियन थर्मल कॅमेरा घेऊन आला. डोळ्यांना सगळे एमसीबी सारखेच दिसत होते. कॅमेऱ्यात मात्र एक टर्मिनल पांढरंफटक दिसलं. तापमान ८४ अंश, बाकीची ४० च्या आसपास! स्क्रू सैल झाला होता. सैल जोडात रेझिस्टन्स वाढतो, जोड तापतो आणि पुढे आगही लागू शकते. त्याने सप्लाय बंद करून वायरचं करपलेलं टोक कापलं आणि जोड नव्याने घट्ट केला.

तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "अरे, आपल्या सीसीटीव्हीतही इन्फ्रारेड आहे ना? मग त्यात कसं नाही दिसलं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापुढे इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी प्रिझमने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा तिथेही चढला!

पण हा पट्टा खूप मोठा आहे. सीसीटीव्ही वापरतो तो तांबड्याच्या अगदी शेजारचा भाग, बहुतेक वेळा ८५० नॅनोमीटर. कॅमेऱ्याभोवतीचे एलईडी हा प्रकाश टाकतात आणि परत आलेला प्रकाश सेन्सर टिपतो. थोडक्यात, ही न दिसणारी टॉर्च. उष्णता तिला कळत नाही.

थर्मल कॅमेरा टॉर्च लावतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार स्वतःच किरण सोडते. हा कॅमेरा साधारण ८,००० ते १४,००० नॅनोमीटरचे किरण टिपतो. म्हणून अंधारातही माणूस उठून दिसतो. मात्र त्याला भिंतीच्या आतलं दिसत नाही, साधी काचही हे किरण अडवते आणि चकचकीत धातूचं तापमान चुकीचं येऊ शकतं.

घरी करून बघा: रिमोटचं बटण दाबून पुढचा एलईडी मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट उजेड लुकलुकताना दिसेल.

आणि हो, स्विच गरम लागत असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर कॅमेऱ्याची वाट बघू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.