गोळीवरचा लेप कशासाठी?



कांद्याची लागण असो की ऊसतोड, दिवसभर वाकून काम केलं की कंबर धरते. मग दुकानातून एक गोळी आणायची आणि चहाबरोबर घ्यायची, ही घरोघरची रीत झाली आहे. शेतकी अधिकाऱ्याने गोळ्यांवर का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण शिवारात फिरताना जे पाहिले, ते सांगणे भाग आहे.

एका वस्तीवरच्या आजी गुडघेदुखीसाठी रोज गोळी घेत. गिळवत नाही म्हणून सूनबाई ती खलबत्त्यात कुटून गुळातून देत. काही दिवसांनी पोटात जळजळ सुरू झाली आणि एके दिवशी शौचाला डांबरासारखी काळी झाली. पोटात रक्तस्राव झाला होता. वेळेवर तालुक्याला नेले, म्हणून आजी वाचल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो गोळी कशी देत होता हाच.

कडुनिंबाचा लेप दिलेला युरिया आपण वापरतोच. लेपामुळे नत्र पिकाला एकदम न मिळता सावकाश मिळते. गोळीवरचा लेपही असाच कामाचा असतो, पण सगळे लेप एका जातीचे नसतात, बरं का. काही लेप फक्त कडूपणा झाकतात आणि ओल लागू देत नाहीत. साखरेचा लेप असलेली आयब्युप्रोफेनची गोळी गोड लागली, तरी त्या गोडीने पोटाचे रक्षण होत नाही. उलट लहान मूल ती चॉकलेट समजून खाईल, ही भीती.

दुसरा लेप पोटातल्या आम्लात टिकतो आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतो. ॲस्पिरिन आणि डायक्लोफिनॅकच्या पुष्कळ गोळ्यांना तो असतो. अशी गोळी कुटली, चावली किंवा मोडली, की औषध थेट पोटाच्या अस्तराला लागते. आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी घेतले, तरी लेप लवकर विरघळू शकतो. दोन्ही औषधांत किती अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारा.

तिसरा प्रकार दिवसभर थोडे थोडे औषध सोडणाऱ्या गोळीचा. पट्टीवर नावापुढे ‘एस. आर.’ अशी अक्षरे असतात. डायक्लोफिनॅकची १०० मिलिग्रॅमची अशी गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते. ती कुटली, तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

सर्वांत मोठी चूक घाईची. आतड्यात विरघळणारी गोळी उशिरा लागू पडते. भरल्या पोटी घेतली, तर ती पोटात आणखी रेंगाळते. तासाभरात आराम पडला नाही म्हणून माणूस दुसरी घेतो, कोणी तिसरी. मग सगळ्या एकदमच लागू होतात. दुसरी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेआधी घेऊ नका.

आणखी एक. लेप आहे म्हणजे गोळी निर्धोक आहे, असे मुळीच नाही. औषध रक्तात गेल्यावरही पोटाच्या अस्तराची राखण कमी करते. ज्यांना पोटात व्रण आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे घेऊच नयेत. उन्हात घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले असेल, तेव्हाही मूत्रपिंडावर ताण येतो. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

गिळता येत नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. पातळ औषध किंवा कुटून चालेल अशी दुसरी गोळी बहुधा मिळते. सुटी गोळी कागदात बांधून आणू नका, पट्टीसकट आणा, म्हणजे नाव आणि मुदत वाचता येईल. पट्टी गोठ्याच्या कोनाड्यात किंवा घामट खिशात ठेवू नका. ओल लागलेल्या ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तसा वास आला, तर ती गोळी टाकून द्या, पण जनावरांच्या किंवा मुलांच्या हाती लागेल अशी नको.