भिंतीवरची मादी

गडचिरोली जिल्ह्यातलं खेडं. उजाडता उजाडता कीटक समाहारक एका गोठ्यात शिरले, त्यांच्यामागे मी. हिवताप विभागातलं हे पद. काम डास पकडण्याचं. हातात टॉर्च आणि काचेची नळी, तिला जोडलेल्या रबरी नळीचं टोक ओठांत. सारवलेल्या भिंतीवर उजेड सरकत होता. डोकं भिंतीकडे आणि पोट वर उचलून तिरका बसलेला डास दिसला की तो ॲनोफिलिस. काचेचं तोंड त्याच्यावर अलगद धरायचं आणि जरासा श्वास ओढायचा. मध्ये जाळी असते, त्यामुळे डास काचेतच राहतो.

बाहेर येऊन त्यांनी नळी उजेडात धरली. "भाऊ, पोट पाहा."

एकीचं पोट चपटं, रिकामं. दुसरीचं लालभडक. तिसरीचं अर्धं काळपट, अर्धं पांढुरकं, म्हणजे रक्त जिरतंय आणि अंडी धरतायत. चौथी अंड्यांनी पूर्ण भरलेली. वहीत या चार अवस्थांची वेगवेगळी नोंद होते. झुपकेदार मिशांचा नर वेगळा काढतात. तो चावतच नाही, त्याच्या सोंडेला कातडी भेदता येत नाही.

पोट भरण्यासाठी डासाला रक्त लागत नाही. नर आणि मादी, दोघांचंही रोजचं खाणं गोड: फुलांतला मकरंद, झाडांचा रस. उडण्याचं बळ त्यातून मिळतं. अंडी वाढवायला मात्र प्रथिनं हवीत, आणि मकरंदात ती नावालाच असतात. म्हणून मादी आपल्या श्वासाच्या, घामाच्या, अंगाच्या उबेच्या मागावर येते. तिच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात. एकीतून लाळ आत जाते, एकीतून रक्त वर येतं. लाळेमुळे रक्त गोठत नाही. आपल्याला खाज सुटते ती त्या लाळेचीच, आणि हिवतापाचे परजीवीही तिच्यातूनच अंगात शिरतात. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हे परजीवी सापडले ते रुग्णाचं रक्त प्यायलेल्या अशाच एका मादीच्या जठरावर.

गोठ्यात जास्त सापडते ती ॲनोफिलिसची क्युलिसिफेसिस ही जात. तिला माणसापेक्षा गुरांचं रक्त अधिक रुचतं. तरी ग्रामीण भारतात हिवताप पसरवण्यात तिचाच वाटा मोठा, कारण पावसाळ्यात तिची संख्या अफाट वाढते.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती तिची विश्रांती. जवळपास स्वतःच्या वजनाइतकं रक्त पिऊन जड झालेली मादी लांब जाऊ शकत नाही, जवळच्या भिंतीवर टेकते. रक्त जिरून अंडी तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. घरातली फवारणी याच भिंतींसाठी असते. औषध हवेतल्या डासासाठी नसतंच, ते भिंतीवर टेकणाऱ्या मादीच्या पायांना लागायला हवं. पण पुष्कळ घरी डाग पडतात म्हणून देवघर, स्वयंपाकघर फवारू देत नाहीत, आणि सण आला की फवारलेली भिंत सारवून टाकतात. औषध शेणामातीखाली जातं, मादी वर निवांत बसते.

फवारणीवाले आले तर सगळ्या खोल्या उघडून द्या, गोठाही दाखवा. आणि त्यानंतर निदान अडीच महिने त्या भिंतींना सारवण लावू नका.